दिनूसाठी पाहिलेली सुरत

नाताळच्या सुट्टीत मी सुरतेला जाऊन आले हे कळल्यावर शाळेतल्या बायकांचा पहिला प्रश्न होता, "तिथं बघायला काय आहे गं?" आणि दुसरा, "साडी आणलीस का?" साडी नाही आणली. बघितलं मात्र पुष्कळ, आणि ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांच्यासाठी ते लिहून ठेवावं असं वाटलं. आपली सुरत म्हणजे चौथीच्या इतिहासातली, लुटलेली. बारा वर्षं भांडुपच्या शाळेत मी तो धडा शिकवतेय. तो आला की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा ताठ बसतात. पण लुटीच्या आधी आणि नंतरही तिथं माणसं राहत होती, संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्यांची उणीदुणी काढत होती, हे मी कुठल्याच वर्गाला सांगितलं नव्हतं. मलाच कुठं ठाऊक होतं.

मी हौसेनं गेले नव्हते. माझा धाकटा भाऊ दिनू दीड वर्षापूर्वी सुरतेला गेला होता. आधी दोन-चार पत्रं आली, मग बंद. आमचे बाबा परळच्या गिरणीत चाळीस वर्षं साच्यावर होते, म्हणजे कापडाच्या मागावर. दिनूलाही त्यांनीच हाताला धरून साच्यावर उभं केलं. मग संप झाला. सहा महिने बापलेक समोरासमोर बसून भिंती बघत होते. एका सकाळी दिनू म्हणाला, "मी सुरतेला जातो, यंत्रमागावर." झालं, बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. गिरण्या बंद असताना त्यांचंच कापड बाहेर यंत्रमागांवर विणून घेतात, असं तेव्हा सगळेच बोलत होते. "आमच्या पोटावर पाय देऊन तिकडं विणणार तू?" बाबा म्हणाले. "गेलास तर माझ्या मढ्याला हात लावू नकोस." दिनू गेला. गेल्या संक्रांतीच्या चार दिवस आधी बाबाही गेले. आम्ही तार केली, पण दिनू आला नाही. चुलतभावानं अग्नी दिला.

आता तिथीनं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. आई पिशवीत माझ्यासाठी भाकऱ्या भरत म्हणाली, "गे शालू, माका दुसरा काय्येक नको. वर्साक तरी त्यांका पोराच्या हातचा पाणी मिळांदे." मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे कुणाची परवानगी काढायची नव्हती. बोरिवलीला गाडीत बसले. प्रवास काय, सगळे करतात तसाच.

उधना

दिनूच्या पत्रावरचा पत्ता उधन्याचा होता, म्हणून सुरतेत पाय ठेवल्या ठेवल्या आधी तिकडं गेले. तिथं जुनी सुरत नाहीच. पत्र्याच्या शेडी, शेडीत माग, आणि मागांचा असा खडखडाट की माणसं एकमेकांशी खाणाखुणांनी बोलतात. आमच्या वर्गात हे शिकवलं असतं तर बरं झालं असतं. कारखान्याच्या मुकादमानं मान हलवली. "दिनेस? वो तो गया. पिछले साल, दसरे के पहले."

"कहाँ?"

त्यानं हात हवेत फिरवला. सुरत केवढी मोठी आहे ते त्यानं त्या एका हातात दाखवलं.

"गेल्या संक्रांतीला त्याची तार आली होती. दिली का त्याला?" मी मराठीतूनच ओरडले.

"तार तो बहुत आता है, बेन."

मी बाहेर येऊन एका ओंडक्यावर बसले आणि आईच्या भाकरीचा तुकडा मोडला. मुंबईत आमच्या गावचा माणूस हरवत नाही. लालबागला गावमंडळाची खोली आहे. तिथं जाऊन विचारलं की अमक्याचा तमका कुठल्या पाळीला आहे, कुठं जेवतो, कुणाशी भांडलाय, सगळं पाच मिनिटांत कळतं. इथं कुणाला विचारणार? तेव्हा मला सुचलं की मालवणी माणूस खोली बदलेल, काम बदलेल, पण मासळीवाली सोडणार नाही. दिनू तर रविवारी मासे नसले की जेवायचाच नाही. तेव्हा सुरतेतले मासळीबाजार गाठायचे आणि विचारायचं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

गोपीपुरा

पण माझा मुक्काम होता पक्क्या जैन घरी. माझी शाळेतली मैत्रीण हंसा घाटकोपरची. तिची कांतामासी सुरतेला गोपीपुऱ्यात राहते. "मासीकडे मासळीचं नाव काढू नकोस हां," हंसानं बजावून पाठवलं होतं. आणि मी तिथं राहून रोज मासळीबाजार फिरणार होते. वाट लागणार हे उघडच होतं.

सुरत बघायची तर आधी गोपीपुरा बघा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर एकानं ओट्यावर चढायचं. घरांच्या दर्शनी भागाला काळंभोर कोरीव लाकूड, त्यावर पोपट, घोडे, वेली. दोन घरं सोडून एक देरासर, म्हणजे जैनांचं देऊळ. पहाटे घंटा वाजतात आणि पांढऱ्या कपड्यातल्या साध्वी अनवाणी जाताना दिसतात. पुढच्याच वळणावर लोचो विकणारा. लोचो म्हणजे फसलेला ढोकळा, असं मासी म्हणाली. वाफाळता, पळीनं वाढलेला, वर तेल आणि शेव. फसलेला पदार्थ इतका चांगला लागत असेल तर आमच्या भांडुपच्या हॉटेलवाल्यानं रोज ढोकळा फसवावा.

जेवण सूर्य मावळायच्या आत. आमच्याकडे रात्री दहाला ताटं मांडतात, त्यामुळे मला संध्याकाळी सहाला भूक नसायची आणि रात्री नऊला पोटात कावळे ओरडायचे. मासीच्या उंधियोत कंद नाही, बटाटा नाही, रताळं नाही, तरी मी तीनदा मागून घेतला. पाणी उकळलेलं. मासी मूळची घाटकोपरची, लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी इथं आलेली. मराठी तिला येत होतं, पण अडखळत, बरेच दिवस न उघडलेलं दार उघडावं तसं.

"तुम्ही लोक सुरतला येता तेव्हा आम्ही दागिने लपवतो," ती हसत म्हणाली. मग एकदम विचारलं, "घाटकोपरला स्टेशनच्या मागं एक विहीर होती. आहे?"

"नसेल, मासी. बिल्डिंगा झाल्या सगळीकडे."

"असणार," ती म्हणाली. "तू नीट बघितली नाहीस." आणि तिनं माझ्या पानात आणखी एक पुरी टाकली. चाळीस वर्षं ती ती विहीर मनात भरून ठेवत होती, तर मी कोण ती बुजवणार.

मी कशाला आलेय ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मासळीबाजाराचं सोडून बाकी सगळं.

नानपुरा

चौकातल्या किल्ल्यापाशी तापी पहिल्यांदा नीट दिसली. आपल्याकडे नदी म्हणजे पावसात येते आणि उरलेलं वर्ष नाला असते. भांडुपला राहणाऱ्याला हे सांगायला नको. ही नदी हिवाळ्यातही रुंद, गढूळ, भरती आली की उलटी वाहणारी. किल्ल्याच्या भिंती नदीला लागून. काठावर धोब्यांचे कपडे वाळत होते. इथंच कधीकाळी जहाजं लागायची, मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच चढायचे. आता दोन होड्या आणि एक म्हैस होती. मी कठड्यापाशी उभी राहिले आणि दिनूही इथं येऊन उभा राहत असेल का, असा विचार केला. लहानपणी त्याला पाणी दिसलं की पाय बुडवल्याशिवाय राहवायचं नाही. तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटे घालायचे. त्या धपाट्यांचं मला तिथं फार वाईट वाटलं.

तिथून नदीकाठानं नानपुऱ्याला गेले. पारशांची जुनी घरं, उंच जोती, दाराबाहेर खडूची रांगोळी. तीच गल्ली पुढं मच्छीवाडात जाते आणि एकदम वास बदलतो. माझ्या जिवात जीव आला. टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या, मनोरीच्या कोळणींसारख्याच, तोंडानं तशाच. बोंबील, पापलेट, बोय, चिखलातले निवटे. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच विचारत फिरले, "बांगडा घेणारा कोकणी माणूस येतो का?" त्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तिथं बांगडा येतच नाही. मी पाच बायकांकडून टोमणे खाऊन आणि दोन निवटे पायावर उडवून घेऊन परतले.

त्यातच एक मांजर माझ्या मागं लागलं. नानपुऱ्यापासून गोपीपुऱ्यापर्यंत, देरासरावरून, ओट्याओट्यावरून, थेट मासीच्या दारात. मासीनं मांजराकडं बघितलं, मग माझ्या चपलेवरच्या खवल्यांकडं. मोरीत गरम पाण्याची बादली ठेवली, वेगळा पंचा ठेवला. मी न्हाऊन आल्यावर चहाचा कप देत म्हणाली, "मिळाला का भाऊ?"

"नाही."

"मग उद्या परत जा. चप्पल बाहेर काढ फक्त."

मला भरून आलं. आमच्या घरी कुणी कुणाच्या धर्माला एवढं सांभाळून घेतलं नसतं.

दुसरा दिवस रविवार. या वेळी मी बांगड्याचं नाव काढलं नाही. सरळ दिनूचं वर्णन सांगितलं, उंच, सावळा, डाव्या भुवईवर व्रण. डाहीबेन नावाची एक म्हातारी टोपलीवर पाणी शिंपडत थांबली.

"वो दिनुभाई? रांदेरवाला? अभी तो गया, एक घंटा हुआ."

मी टोपलीवर वाकले. "काय घेऊन गेला?"

"पापलेट. सेठ के घर के वास्ते. कल्ले उघाडके देखता है, ऐसा परखनेवाला दूसरा नहीं." तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. "खुद नहीं खाता, बेन. पहले खाता था, बहुत. गई उतराण से बंद. बोला, बाप मर गया."

उतराण म्हणजे त्यांची संक्रांत. मी तिथं मच्छीवाडात, त्या ओल्या फरशीवर उभी राहिले आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. तार पोचली होती. वर्षभर मी आईला समजावत होते की त्याला कळलंच नसेल, पत्ता बदलला असेल. त्याला कळलं होतं. कळून तो आला नाही, आणि इथं बसून त्यानं मासळी सोडली. वर्षभर. आपल्याकडे सुतक फिटलं की माणसं मासळीवर तुटून पडतात. माझ्या अंगात आधी राग आला, असा राग की समोर असता तर कानाखाली दिली असती. मग रागाच्या मागून जे आलं त्यानं डोळ्यांसमोर टोपल्या दिसेनात. डाहीबेननं मला पाटावर बसवलं आणि चहा मागवला. वर निघताना दोन बोंबील घे म्हणून आग्रह केला. मासीची आठवण काढून मी हात जोडले.

रांदेर

जुन्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडली की पलीकडं अडाजण, आणि पुढं रांदेर. रांदेर सुरतेहून जुनं, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. ब्रह्मदेशात व्यापार करून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठमोठी घरं, रंगीत काचा, लाकडी गॅलऱ्या. कित्येक घरांना कुलपं. रंगूनहून आलेलं एक खाणं अजून गल्लीत मिळतं, नारळाच्या रश्श्यात बुडवलेल्या शेवया. नारळाचा वास नाकात गेला आणि मला एकदम मालवण आठवलं. हा इथं का येऊन राहिला असेल त्याचं थोडं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

डाहीबेननं सांगितल्याप्रमाणे मशिदीच्या मागं चार मागांचा कारखाना होता. रविवार असूनही चालू. दारातून बघितलं तर दिनू पाठमोरा, तुटलेला धागा जोडत होता. मी हाक मारली, ऐकू जाणं शक्यच नव्हतं. जाऊन खांद्यावर हात ठेवला. तो वळला. वाळला होता. कानाशी केस पिकले होते, बत्तिसाव्या वर्षी.

"ताई," तो म्हणाला. आवाज आला नाही, ओठ दिसले. मग त्यानं माग बंद केले, एकामागून एक चारही.

नदीकाठी अडाजणला हिवाळ्यात पोंक विकणाऱ्यांचे मांडव लागतात. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, पण हे लोक त्यात लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे घालतात. आपल्या देशावरच्यांनी हे ऐकलं तर कपाळाला हात लावतील. मला मात्र आवडलं. दिनूनं मला तिथं बाकावर बसवलं, कागदात पोंक आणला, आणि स्वतः न खाता बसला. पलीकडं किल्ला दिसत होता. काल मी तिथं उभी राहून इकडं बघत होते.

"तार तिसऱ्या दिवशी मिळाली," तो म्हणाला. "उधन्याच्या एका पोरानं आणून दिली."

"मग यायचं नाही का रे, दिन्या? दहाव्याला तरी?"

"बोरिवलीपर्यंत आलो होतो."

मी खायची थांबले.

"बोरिवलीला उतरलो. बाकावर बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत. मग उलट्या गाडीत बसलो." तो नदीकडं बघत होता. "बाबा काय म्हणाले होते ते आठवतंय ना? मढ्याला हात लावू नकोस. जिवंतपणी त्यांचं ऐकलं नाही. म्हटलं, हे एक तरी ऐकावं."

"अरे, ते रागात बोलले."

"मग राग गेला होता का?" त्यानं विचारलं. "शेवटी काही म्हणाले, माझ्याबद्दल?"

आता खरं सांगते. शेवटच्या दिवशी शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं होतं, "दिनूला तार करू का?" बाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मरेपर्यंत ते तोंड इकडं वळलं नाही. मी पायाशी बसले होते, मी बघितलंय. आणि मी ती बाई आहे जिनं पोरांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलंय.

"हाक मारली तुला," मी म्हणाले. "दिनू म्हणाले. नीट ऐकलं मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पोंकातले साखरेचे दाणे निवडायला लागले.

"चल माझ्याबरोबर, दिन्या. आई वाट बघतेय. वर्षश्राद्ध तूच करायचं. मला करमत नाही रे तुझ्यावाचून. घरात कुणाशी भांडायलासुद्धा उरलं नाही."

"बघतो," तो म्हणाला. "सेठचा माल निघायचाय. बघतो, ताई."

दीड वर्षानं भेटलेला भाऊ मी पुलावर सोडला आणि सुरतेत परतले. पुलाच्या मध्यावर आल्यावर मागं वळून बघितलं तर तो तिथंच उभा होता. इतक्या लांबून चेहरा काय दिसणार, पण उभं राहायची ढब आमच्याच घरातली होती. जाऊन घट्ट मिठी मारावी असं वाटलं. मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. मासीनं निघताना घारीचा, म्हणजे तिथल्या माव्याच्या मिठाईचा, डबा दिला आणि बजावलं, विहीर बघून पत्र टाक म्हणून.

भांडुप

चार दिवस आईनं प्रत्येक पावलाच्या आवाजाला मान वर केली. भेटला एवढंच मी सांगितलं होतं, येणार असं नाही. येईल म्हटलं आणि आला नाही तर, म्हणून. श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी दिनू दारात उभा राहिला. आई उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाय धू." एवढंच.

दिनूनं पिंड दिले, पाणी सोडलं. पाणी ताम्हनाबाहेर सांडत होतं. भटजींनी दोनदा सांगितलं, सावकाश, घाई नाही. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची उसळ, सगळं झालं. चुलतभाऊ जेवून गेले. घरात आम्ही तिघंच उरलो. आई उष्टी पानं उचलत होती. तेव्हा दिनू भिंतीला टेकून, जमिनीकडं बघत म्हणाला, "आई, ताई सांगत होती, बाबांनी शेवटी मला हाक मारली होती म्हणून."

पोरांचं खोटं पकडण्यात बारा वर्षं घालवली, पण खोटं बोलायचं तर साक्षीदाराला आधी सांगून ठेवावं लागतं एवढं मला सुचलं नव्हतं. बाबांच्या उशाशी तर आईच बसली होती. ती भिंत तिनं माझ्यापेक्षा जवळून बघितली होती.

आईनं पान उचललं, दुसऱ्या पानावर ठेवलं.

"मारल्यानी मां रे," ती म्हणाली. "दोनदा मारल्यानी."

दिनूनं गुडघ्यात तोंड घातलं. तो रडला, मोठ्यानं, चाळीतल्या कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. आई त्याच्याजवळ गेली नाही. पानं बाहेर टाकून, हात धुऊन मग आली आणि त्याच्या शेजारी बसली.

सोमवारी तो परत सुरतेला गेला. माग बंद राहून चालणार नव्हतं. संध्याकाळी आई आणि मी दारात तांदूळ निवडत बसलो. मला राहवेना.

"आई, दोनदा कशाला म्हणालीस?"

तिनं सुपातला खडा काढून अंगणात फेकला. "त्यांनी खंय मारल्यानी? मी हाक मारी होतंय, वर्सभर. दोनदा सांगलंय ता कमीच सांगलंय."